फाटकाच्या तारेचे चार पीळ

आमच्या घरामागे बाडी, म्हणजे परसबाग आहे आणि बाडीच्या टोकाला डबरी. डबरी म्हणजे छोटं तळं. छत्तीसगडात सगळे तसंच म्हणतात आणि आम्ही घरात मराठी बोलणारेही डबरीच म्हणतो. ती कुणी हौसेनं खोदलेली नाही. रायपुरात गुढियारीच्या या टोकाला पूर्वी विटांची भट्टी होती. भट्टीवाल्यानं माती काढून नेली, खड्डा राहिला आणि खड्ड्यात पाणी राहिलं. मागे खड्डा आहे म्हणून तो प्लॉट कुणी घेत नव्हतं, म्हणूनच तो आमच्या वाट्याला आला.

भट्टीवाल्यानं माती सरळ कापून नेलेली, त्यामुळे डबरीला उतार असा नाहीच. काठावरून दोन पावलं गुडघाभर पाणी, तिसरं पाऊल टाकलं की माझ्याही डोक्यावरून. बाबांनी काठाशी पायऱ्यांसारखे दोन फर्शी दगड बसवले होते. आई त्यावर बसून भांडी विसळायची, वांग्या-मिरच्यांना पाणी न्यायची. आम्ही भाऊबहीण इथे आलो तेव्हा चांगले मोठे होतो. त्या पाण्याची भीती कधी वाटली नाही.

रायपूर राजधानी झाल्यावर आमच्या भोवतीचे खड्डे एकेक करून मुरुमानं भरले गेले. रिकाम्या जागेत घरं उठली, घरांपुढच्या अंगणांत सिमेंट आलं. पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, सगळं पावसाचं पाणी मग आमच्याकडे यायला लागलं. दादा म्हणायचा, "बाबा, आपणही बुजवून टाकू ना. सगळ्यांनी बुजवले."

बाबा म्हणायचे, "बुजवली तं पाणी कुठं जाईन? तुह्या खोलीत." आणि विषय संपायचा.

मग दादाला मुलगा झाला. तो जन्मला वहिनीच्या माहेरी, वर्ध्याकडे. इथे आणला तेव्हा रांगत होता, आणि उन्हाळा संपता संपता चालायला लागला. त्याची एक सवय आम्हाला लवकरच कळली. काहीही चकाकताना दिसलं, स्टीलचं ताट, आरशाचा तुकडा, ओली फरशी, की तो सरळ तिकडे निघायचा. आणि आवाज करायचा नाही. अडवलं तर मोठ्यानं रडायचा, पण मनासारखं चाललेलं असताना अगदी गप्प असायचा. एकदा वहिनीनं त्याला वांग्याच्या वाफ्याजवळ पकडला. डबरी तिथून दहा पावलांवर. वहिनी त्याला कडेवर घेऊन घरात आली आणि तिनं मागचं दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी बाबा रेल्वेच्या ड्युटीवरून आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "पोरगी कॉलेजात जाते ना. तिले विचारा कसं कराचं ते."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रेशनचा फॉर्म असो, गॅसचं पुस्तक असो, बाबा माझ्याकडे बघायचे. मला पुष्कळदा काही माहीत नसायचं, पण "माहीत नाही" म्हणायची लाज वाटायची. त्या वेळीही वाटली. मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर डबरीचं चित्र काढलं, भोवती चौकोन काढला आणि कुंपण कसं घालायचं ते लिहून बाबांना दिलं. बाबांनी तो कागद लग्नाच्या पत्रिकेसारखा दोन्ही हातांत धरून वाचला.

बांबू रोवले, तार ओढली, वरच्या कडेला बोरीच्या काट्या बांधल्या. तारेतून मूल पार होऊ नये म्हणून आतून काहीतरी लावायला हवं होतं. राजधानी झाल्यापासून शहरात चौकाचौकात पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागायचे आणि कार्यक्रम झाला की रस्त्याच्या कडेला पडून राहायचे. दादानं सायकलवर गुंडाळून चार-पाच आणले. ते चारी बाजूंनी ताणून बांधायचे, खालची कड मातीत गाडायची आणि वर विटा ठेवायच्या, ही कल्पना माझी. छापील बाजू आत केली. त्यामुळे डबरीला चारही बाजूंनी कुणीतरी मोठ्ठे हात जोडून उभं होतं. दादा त्यावरून खूप हसला.

फ्लेक्स लावायचं माझं कारण असं होतं की पाणी चकाकताना दिसलंच नाही तर बाळ तिकडे जाणारच नाही.

वहिनीनं तेव्हा विचारलं होतं, "पण मंग मले रांधता रांधता खिडकीतून पाणी दिसन का?"

मी म्हटलं, "पाणी दिसायची गरजच नाही वहिनी. फाटक बंद असन ना."

तिनं पुढचा फ्लेक्स उलगडायला घेतला. घरात नवी होती. आणि मी शिकलेली होते.

फाटक बांबूच्या टट्ट्याचं होतं. कडी बसवली तर मूल एखाद दिवशी ती उघडायला शिकेल, म्हणून मी छातीच्या उंचीवर जाड तार ठेवली. फाटक लावायचं, तार खुंट्याभोवती घ्यायची आणि तिला चार पीळ द्यायचे. कुणीही बाडीतून आलं की आई विचारायची, "पीळ देल्ले का?" आणि येणाऱ्यानं "चार" म्हणायचं. दोन महिन्यांत ते इतकं अंगवळणी पडलं की जेवताना कुणी मीठ मागितलं तरी दादा "चार" म्हणायचा.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाकडच्या कोपऱ्यातला बांबू खालून वाळवीनं खाल्ला होता. तो बदलायचा असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पाऊस सुरू झाला आणि ते काम तसंच राहिलं. रोज कॉलेजातून आले की मी त्या बांबूला हात लावून बघायची. हलायचा, पण उभा होता.

भादव्यात कमरछठ येते. छत्तीसगडातल्या बायका त्या दिवशी मुलांच्या आयुष्यासाठी उपास धरतात. अंगणात दोन लहान खड्डे खोदून त्यात पाणी भरतात, त्याला सगरी म्हणतात. सगरीच्या काठी कासाचं गवत रोवतात, सहा तऱ्हेच्या धान्याची लाई, म्हणजे लाह्या, वाहतात, कहाण्या ऐकतात. शेवटी नव्या कापडाचा तुकडा छुईच्या आणि हळदीच्या पाण्यात बुडवून मुलांच्या पाठीवर सहा वेळा हलकेच मारतात. छुई म्हणजे भिंती पोतायची पांढरी माती. पाठीवर असं मारण्याला त्या पोता मारणं म्हणतात. मुलांच्या पाठीवर फिकट पिवळा ओला डाग उमटतो आणि तो दिवसभर राहतो.

शेजारच्या घरातली म्हातारी आधीच्या आठवड्यात आईकडे आली. तिला आम्ही सगळे दाई म्हणतो, इकडे आईला तसं म्हणतात. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हमर अंगना म त सिरमिट होगे बहिनी. सगरी कहाँ कोडबो? तुंहर डबरी के तीर म बइठ जाबो का?"

अंगणात सिमेंट झालं, सगरी खोदायला मातीच उरली नाही, म्हणून तुमच्या डबरीच्या काठी बसू का, असं ती विचारत होती. आमच्याच गल्लीतल्या सात घरांची ती अडचण होती. आई लगेच हो म्हणाली. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी आई तापानं पडली होती, तेव्हा दाईनं आम्हाला दोन आठवडे जेवू घातलं होतं.

जाताना दाईनं वहिनीकडे बघितलं. "बहू ला घलो बइठार दे. लइका वाली ए."

म्हणजे मूल आहे, तर सुनेलाही पूजेला बसव. आई हसून म्हणाली, "आमच्यात नाही होत दाई. एक बार पकडा तो फिर छोड नहीं सकते ना."

"हव," दाई म्हणाली. तिला राग वगैरे काही आला नाही.

मला नाही म्हणायचं होतं. भादव्यात डबरी काठोकाठ असते. सात बायका, त्यांची मुलं, उघडं फाटक. पण दाईसमोर तोंड उघडेना. मग मी रात्री वहीत नवी योजना लिहिली. काठापासून चार हातांवर चुन्याची रेघ मारायची, मुलांनी ती ओलांडायची नाही. पूजा चालू असताना मी रेघ आणि पाणी यांच्या मधोमध उभी राहीन. पोता मारून झाला की ते मूल लगेच फाटकाबाहेर जाईल. मी फाटकात उभी राहून ओल्या पाठी मोजीन. पाठीवर डाग म्हणजे पूजा झाली, मूल बाहेर. आत आली तितकी मुलं बाहेर गेली की फाटक बंद. मला ते इतकं चोख वाटलं की मी खाली रेघ ओढून वही मिटली.

कमरछठीच्या दिवशी बायका दुपारी आल्या, सात बायका आणि नऊ मुलं. मी आत येताना मुलं मोजली आणि तळहातावर पेनानं नऊ लिहिलं.

मुलं रेघेवर पायाचे अंगठे टेकवून उभी राहत होती. एकानं विचारलं, "दीदी, रेखा के ऊपर खडे होना अलाउड है क्या?" दुसरा म्हणाला, "अरे, दीदी आउट दे देगी." बायका हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या टाचांमागे पाणी होतं आणि त्याचा बारीक आवाज मला सारखा ऐकू येत होता. पानांचे द्रोण पाण्यावर सोडले गेले, त्यात फुलं होती. वाऱ्यानं ते काठाशीच घुटमळत राहिले.

बाळ आईच्या मांडीवर होता. अंगात नुसता झबला, कमरेला काळा करदोडा. वहिनी घरात पोळ्या लाटत होती. दादाची दुसरी पाळी होती, त्याला डबा घेऊन सिलतऱ्याच्या कारखान्यात निघायचं होतं. दाई कहाणी सांगत होती आणि आई, आमच्यात नाही होत म्हणणारी आई, अगदी मन लावून ऐकत होती.

तेवढ्यात दादानं घरातून हाक मारली, "आई, माहा गेटपास कुठं ठेवला व?"

आई उठली. बाळाला खाली उतरवलं आणि मला म्हणाली, "बाळाकडे पाह्य व."

मी मान हलवली. हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मला ऐकू आलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण मला ऐकू आलं होतं आणि मी मान हलवली होती.

कारण त्याच वेळी पोता सुरू झाला. बायका उठल्या, मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली, रेघ कुठल्या कुठे गेली. मी धावत फाटकाशी जाऊन उभी राहिले. थंड कापड पाठीला लागलं की मुलं अंग चोरायची, खिदळायची आणि फाटकाकडे पळत यायची. मी प्रत्येकाचा खांदा धरून त्याला वळवत होते, पाठ बघत होते आणि मोठ्यानं म्हणत होते. एक. दोन. तीन. पाचवी मुलगी परत आत जायला निघाली, तिची चप्पल राहिली होती. मी तिला ओरडले. सहा. सात. आठव्याला त्याच्या आईनं ओढत आणलं. नववा स्वतः पाठ दाखवून म्हणाला, "गिन लो दीदी, नौ."

तळहातावरही नऊ होतं.

बायका ताटं घेऊन बाहेर पडल्या. दाई सगळ्यांत शेवटी आली. "होगे बेटी?" तिनं विचारलं.

"हव दाई," मी म्हटलं.

मी फाटक ओढलं. तार खुंट्याभोवती घेतली. त्या दिवशी गर्दी होती, कुणाचं मूल परत फिरेल, म्हणून बाबांची पक्कड मुद्दाम आणून ठेवली होती. पक्कड लावून मी चार पीळ दिले. तार इतकी घट्ट बसली की बांबू कुरकुरला. पक्कड स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसले. इतका वेळ कुणाचं काही झालं नाही, याचंच बरं वाटत होतं. दाईनं ओंजळीत लाई दिली. मी ती खात होते.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "हे गेले ड्युटीवर," ती म्हणाली. मग ओट्यावर, गल्लीत, मुलांच्या घोळक्यात तिनं नजर फिरवली. "बाळ कुठं हाय?"

आई आतून म्हणाली, "आत्याजवळ हाय ना त्याच्या."

वहिनी माझ्याकडे बघत होती. माझ्या ओंजळीत लाई होती. मी अजूनही मोजणंच आठवत होते. नऊ पाठी, नऊ डाग. आणि मग एकदम मला कळलं की त्या नवांत तो नव्हता. तो असणारच नव्हता. त्याच्या पाठीवर कुणी पोता मारला नव्हता. मी डाग मोजले होते.

मी धावले. फाटकाशी पोचले आणि हातांनी तार सोडवायला लागले. बोटं घसरत होती. तार तसूभर हलेना. वहिनी मागून आली आणि तिनं दोन्ही हातांनी फाटक हलवायला सुरुवात केली.

"पक्कड," मी म्हटलं. "खिळ्याले."

ती घरात पळाली. फ्लेक्समधून काही दिसत नव्हतं. कान लावला, तर आत काहीच आवाज नव्हता. रडण्याचा नाही, पाण्याचा नाही. तो मनासारखं चाललेलं असलं की गप्प असतो हे मला ठाऊक होतं. आणि आणखी कशामुळे मूल गप्प होतं, तेही मला ठाऊक होतं.

मला मुनग्याकडचा कोपरा आठवला. मी कुंपणाला वळसा घालून तिकडे गेले आणि त्या बांबूवर अंग टाकलं. पहिल्या धक्क्याला तो वाकला, दुसऱ्याला बुडापासून मोडला. तार खाली लोंबली, फ्लेक्स फाटला. वरच्या काट्या माझ्या मानेवर आणि हातांवर आल्या. मी आत पडले.

तो खालच्या फर्शी दगडावर बसला होता. माझ्याकडे पाठ. एरवी तो दगड अर्धाच ओला असायचा, पण भादव्याच्या पाण्यात पूर्ण बुडाला होता आणि पाणी बाळाच्या पोटापर्यंत होतं. एका हातात त्यानं काठावर रोवलेलं कासाचं गवत धरलं होतं. दुसरा हात त्यानं एका द्रोणाकडे लांब केला होता. द्रोण त्याच्या बोटांपासून वीतभर लांब, खोल पाण्यावर होता. त्याच्या झबल्याची ती कोरी पाठ मला अगदी स्पष्ट दिसत होती.

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. हाक मारली असती तर तो वळला असता. वळायला उठला असता.

तेवढ्यात फाटकाकडून वहिनीचा आवाज आला. तिनं त्याचं नाव घेऊन हाक मारायला सुरुवात केली होती. मोडलेल्या कोपऱ्यातून दाई आत डोकावत होती. मी तिच्याकडे बघून हात वर केला, नुसता पंजा. तिनं पाण्याकडे बघितलं आणि ती मागे वळली. मला तिचा दबका, कडक आवाज ऐकू आला, "झन चिल्लावव! चुप राहव सब झन!"

सगळं शांत झालं. वहिनीसुद्धा. ती कशी गप्प राहिली असेल ते मी आजही सांगू शकत नाही. ती फाटकापलीकडे होती, तिला काही दिसत नव्हतं आणि तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

मी चिखलातून गुडघ्यांवर पुढे सरकले. सहा-सात हात अंतर असेल. कासाचं गवत मुळापासून सुटत होतं, मला दिसत होतं. त्यानं आणखी थोडं पुढे वाकून द्रोणाला बोट लावलं. द्रोण फिरला आणि लांब गेला. तो हसला. मग हाताबरोबर त्याचं अख्खं अंग पुढे गेलं.

मी पोटावर पडून हात टाकला. झबला हाताला लागला नाही. बोटं त्याच्या कमरेवरून घसरली आणि करदोड्यात अडकली. मी मूठ आवळली. काळा दोरा माझ्या बोटांत रुतला, पण तुटला नाही. त्याचं डोकं पाण्याखाली गेलेलं मी बघितलं. मग मी त्याला ओढला आणि तो माझ्या छातीवर होता, खोकत, नाकातून पाणी काढत. आणि मग तो रडला. द्रोण मिळाला नाही म्हणून रडत होता, असं मला वाटलं.

त्याच वेळी पक्कडीनं तार तुटली आणि फाटक उघडलं. वहिनीनं पीळ उलगडले नव्हते, सरळ कापले होते. तिनं माझ्या हातांतून बाळाला घेतला, पालथा केला, पाठीवर थापटलं, त्याचं नाक पुसलं, पुन्हा थापटलं. मी चिखलात बसून होते.

मग ती म्हणाली, "तुम्ही मोजले होते ना, ताई?"

"हो."

"मंग?"

मी खोटं बोलले नाही एवढंच. "मी पाठीवरचे डाग मोजले. याच्या पाठीवर नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "घरच्या पोट्ट्याले मोजाले खूण लागते काय?"

आई मागे उभी होती. ती म्हणाली, "माहीच चूक हाय, मीच खाली उतरवला." वहिनीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायका हळूहळू निघून गेल्या. दाई मात्र थांबली. तिच्या ताटात पोत्याचं कापड अजून ओलं होतं. तिनं ते उचललं आणि वहिनीला नजरेनंच विचारलं, मारू का?

"नको दाई," वहिनी म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, "आज निशानी ही तो देख रहे थे सब."

दाईनं कापड खाली ठेवलं. "ठीक कहत हस बेटी," ती म्हणाली आणि बाळाच्या ओल्या डोक्यावरून नुसता हात फिरवून गेली.

संध्याकाळी बाबा आले. आईनं सांगायच्या आधी मीच सांगितलं, सगळं, मान हलवल्याचंही. वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी तुटलेली तार हातात घेतली. पिळांचा तो गच्च गोळा अजून तसाच होता. तो त्यांनी बोटांनी चाचपला. "हे तं सोडवताच नसते आलं," ते म्हणाले. मग मोडलेल्या कोपऱ्याशी गेले. बांबूचं वाळवीनं खाल्लेलं बूड पायानं उकरून बघितलं.

त्या रात्री वहिनीनं सामान भरलं असावं असं मला वाटलं, कारण खोलीत ट्रंकेचा आवाज आला. सकाळी ती स्वयंपाकघरात होती. माझ्याशी बोलली नाही. बाळ तिच्या पाठीला साडीनं बांधलेला होता. तसा तो तीन दिवस बांधलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी बाबा नवा बांबू घेऊन आले आणि मला हाक मारली. "सांग, कसं कराचं?"

वही आणायला मी उठले नाही. मला उत्तर येत नव्हतं आणि या वेळी मी तसं म्हटलं. "मले नाही माहीत, बाबा. वहिनीले विचारा."

बाबांनी वहिनीकडे बघितलं. ती तव्यावरची पोळी उलटून म्हणाली, "मले इथून पाणी दिसलं पाहिजे."

एवढंच होतं. ते तिनं दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं.

दुपारी मी विळा घेऊन फ्लेक्स कापायला गेले. ओले फ्लेक्स जड असतात, एकटीला ओढवत नव्हते. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला ओढ बसली. वहिनी आली होती. आम्ही दोघींनी एकेक फ्लेक्स उतरवला, चिखलातून ओढून बाडीच्या कोपऱ्यात टाकला. ते जोडलेले हात आता आकाशाकडे होते. शेवटच्या फ्लेक्सला वहिनी म्हणाली, "तुमच्या मानेवर काटा राहिला ताई, पिकन तो." आणि तिनं तो नखांनी काढला. फार दुखलं.

बाबांनी कुंपणाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी लावली. तारेऐवजी वर, हात उंचावून काढावी लागेल अशी कडी बसवली. पीळ गेले. पुढे कितीतरी दिवस मीठ मागितल्यावर दादा "चार" म्हणाला नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता पाणी दिसतं. जाळी झाली त्या संध्याकाळी वहिनी तांदूळ निवडत होती आणि मी तिच्याशेजारी लसूण सोलत होते. बाळाला तिनं पहिल्यांदाच पाठीवरून सोडलं होतं. तो वांग्याच्या वाफ्यातून चालत गेला, जाळीशी थांबला आणि दोन्ही हातांनी जाळी धरून पाण्याकडे बघत उभा राहिला. गप्प. वहिनीचे हात सुपात थांबले होते. माझेही. जाळी दोनदा हलली आणि थांबली. अंगात झबला नव्हता, पाठ उघडी होती, तिच्यावर कसलीही खूण नव्हती.

"एक," मी म्हटलं, फार हळू.

वहिनीनं ऐकलं. ती खिडकीबाहेरच बघत राहिली आणि तसंच बघत तांदूळ निवडायला लागली.